पोकरच्या डावाचं गणित मांडणाऱ्या माणसाने बिघडणाऱ्या मशीनवर भरवसा कसा ठेवायचा तेही सांगितलं

सकाळचे 10 वाजायला 2 मिनिटं कमी आहेत. गावाला जायचंय, तात्काळ तिकीट काढायचंय. प्रवाशांची नावं आधीच भरून ठेवलीत, अंगठा बटणावर तयार आहे. 10 वाजतात, बटण दाबलं जातं आणि स्क्रीनवरचं चाक गोल गोल फिरत बसतं.

सर्व्हर डाऊन.

आता यामागे दोन प्रकारची कारणं असू शकतात. पहिलं म्हणजे नशीब. कुठेतरी एखादी मशीन बंद पडली, एखादी केबल तुटली, गर्दी झेपली नाही. दुसरं म्हणजे समोर बसलेला कोणीतरी. हजारो खोट्या विनंत्या पाठवून सर्व्हरचा गळा आवळणारा, अगदी नेमक्या वेळी नेमक्या जागी घाव घालणारा.

आपल्याला दोन्ही वेळी तेच चाक दिसतं. पण नशिबाशी लढायचं गणित वेगळं आणि माणसाशी लढायचं गणित वेगळं.

विशेष म्हणजे या दोन्ही गणितांचा पाया घालणाऱ्यांमध्ये एकच नाव ठळकपणे येतं. जॉन व्हॉन न्यूमन. गेम थिअरी उभी करणारा हाच आणि बिघडणाऱ्या भागांपासून न बिघडणारी मशीन कशी बनवायची हे सांगणाराही हाच.

त्याचीच ही गोष्ट.

बँकरचा पोरगा आणि दोन डिग्र्या

28 डिसेंबर 1903. हंगेरीतल्या बुडापेस्ट शहरात मिक्सा न्यूमन या श्रीमंत ज्यू बँकरच्या घरी मुलगा झाला. नाव ठेवलं यानोश. घरचे लाडाने यान्ची म्हणायचे. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्याचा जॉन झाला, आणि मित्रांचा जॉनी.

पोरगं साधं नव्हतं. मोठमोठे भागाकार तोंडी करायचं, एकदा वाचलेलं पान जसंच्या तसं म्हणून दाखवायचं, असे किस्से त्याच्याबद्दल घरात आणि मित्रांमध्ये सांगितले जायचे. शाळेत एक वर्ष पुढे होता युजीन विग्नर. तोच विग्नर, ज्याला पुढे फिजिक्सचं नोबेल मिळालं. शाळेतल्या मास्तरांनी मुलाची झेप ओळखली आणि त्याला विद्यापीठातल्या गणितज्ञांकडून खास शिकवणी मिळेल अशी सोय केली.

पण बाहेरची परिस्थिती बिघडत चालली होती. पहिलं महायुद्ध हरलेल्या हंगेरीत 1919 मध्ये कम्युनिस्टांची सत्ता आली. बँकरचं कुटुंब म्हणून न्यूमन मंडळी काही काळ देशाबाहेर निघून गेली. ती सत्ता 133 दिवसांत कोसळली आणि तिच्या जागी आलेल्यांनी ज्यूंवर राग काढला. 1920 मध्ये विद्यापीठातल्या ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालणारा कायदाही आला.

म्हणजे अवघ्या दोन वर्षांत न्यूमन कुटुंबाला दोन्ही बाजूंनी फटका बसला. एकदा श्रीमंत म्हणून, एकदा ज्यू म्हणून.

बापाने व्यवहारी विचार केला. गणितावर पोट भरेल याची खात्री नाही, म्हणून मुलाने केमिकल इंजिनिअरिंग करावं असं ठरलं. मुलाला मात्र गणितच करायचं होतं.

मग तोडगा निघाला. दोन्ही करायचं.

आधी बर्लिन आणि मग झुरिकमध्ये केमिस्ट्रीचं शिक्षण, आणि त्याच वेळी बुडापेस्टच्या विद्यापीठात गणिताच्या डॉक्टरेटसाठी नाव. बुडापेस्टला तो मुख्यतः परीक्षेपुरता उगवायचा. 1926 मध्ये झुरिकची इंजिनिअरिंगची पदवी आणि बुडापेस्टची गणिताची डॉक्टरेट, दोन्ही हातात आल्या. वय होतं 22.

एक मार्ग बंद पडला तर दुसरा चालू राहावा, ही बापाची शिकवण. कॉम्प्युटरवाले यालाच बॅकअप म्हणतात.

समोरचा हुशार असेल तर?

त्याच वर्षी, म्हणजे 1926 च्या डिसेंबरमध्ये, जर्मनीतल्या गॉटिंगेन इथे या 22 वर्षांच्या पोराने एक सिद्धांत मांडला. 1928 मध्ये तो छापून आला. विषय होता, घरात बसून खेळायच्या खेळांचं गणित.

आधी एक साधं उदाहरण घेऊ. घरात दोन भावंडं आहेत आणि एकच केक आहे. भांडण मिटवायचा आपल्याकडचा जुना उपाय काय? एकाने कापायचा, दुसऱ्याने आधी उचलायचा. कापणाऱ्याला माहिती असतं की समोरचा मोठाच तुकडा उचलणार. म्हणून तो लहान तुकडा जास्तीत जास्त मोठा राहील असंच कापतो. म्हणजे बरोबर मध्यावर.

त्याने समोरच्याच्या चांगुलपणावर भरवसा ठेवलेला नाही. समोरचा आपलं जास्तीत जास्त नुकसान करणार असं धरूनच त्याने आपलं नुकसान कमीत कमी ठेवलंय. याला मिनिमॅक्स म्हणतात.

पण सगळे खेळ केकसारखे सरळ नसतात. मुठीत नाणं लपवून कोणत्या हातात आहे ते ओळखायला सांगायचा खेळ आठवा. कायम उजव्या हातात लपवलं तर समोरचा दोन डावांत ओळखतो. आळीपाळीने लपवलं तरी चार डावांत ओळखतो. मग सुरक्षित काय? मनातल्या मनात छापा-काटा करायचा आणि जे येईल त्या हातात लपवायचं. आपलं पुढचं पाऊल आपल्यालाच माहिती नसेल तर समोरच्याला कसं कळणार!

एमिल बोरेल या फ्रेंच गणितज्ञाने या दिशेने आधी काम सुरू केलं होतं, पण सगळ्याच खेळांना असं उत्तर असेल का, याबद्दल त्याला शंका होती. न्यूमनने ती शंका मिटवली. दोनच खेळाडू असतील, एकाचा फायदा तेवढाच दुसऱ्याचा तोटा असेल आणि चाली मोजक्या असतील, तर असा सुरक्षित डाव कायम असतो, हे त्याने सिद्ध केलं. कधी तो एकच ठराविक चाल असते, तर कधी ठराविक प्रमाणात मिसळलेल्या चाली.

पोकरमध्ये हातात हलकी पानं असताना मोठी बोली लावणारा माणूस खोटारडा किंवा बेफिकीर वाटतो. न्यूमनच्या गणितात मात्र अधूनमधून अशी थाप मारणं हा शहाणपणाचा हिशेब ठरला. कधीच थाप न मारणाऱ्याची चांगली पानं समोरच्याला लगेच कळतात.

प्रिन्स्टन, पार्ट्या आणि 600 पानी पुस्तक

1930 मध्ये न्यूमन अमेरिकेतल्या प्रिन्स्टनला गेले. सुरुवातीची तीन वर्षं अर्धं वर्ष प्रिन्स्टन आणि अर्धं वर्ष बर्लिन अशी दोन्हीकडे पाय ठेवून काढली. 1933 मध्ये जर्मनीत हिटलर आला. त्याच वर्षी प्रिन्स्टनमध्ये नव्याने सुरू झालेल्या इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडीने आपल्या पहिल्या काही प्राध्यापकांत न्यूमन यांना घेतलं. दुसरं एक नाव होतं अल्बर्ट आइन्स्टाइन.

दोघांचे स्वभाव मात्र दोन टोकांचे. आइन्स्टाइन विस्कटलेल्या केसांचे आणि स्वेटरातले, तर न्यूमन कायम बँकरसारखे सुटाबुटात. आइन्स्टाइन यांना शांतता हवी, तर न्यूमन यांना गोंगाटात जास्त चांगलं सुचायचं. ऑफिसात मोठ्या आवाजात जर्मन मार्च लावायचे, घरी जोरदार पार्ट्या व्हायच्या. गाडी चालवण्याची हौस मोठी, पण हात कच्चा. अपघात ठरलेले.

पहिली बायको मारिएट हिच्यापासून 1935 मध्ये मुलगी झाली, मरिना. 1937 मध्ये घटस्फोट झाला. पुढच्या वर्षी त्यांनी बुडापेस्टच्या क्लारा डान हिच्याशी लग्न केलं. ही क्लारा पुढे कॉम्प्युटरच्या इतिहासातल्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमरपैकी एक झाली.

1938 मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि व्हिएन्नाचा अर्थतज्ञ ऑस्कर मॉर्गेनस्टर्न प्रिन्स्टनमध्येच राहिला. त्याला एका प्रश्नाने पछाडलं होतं. मी काय करणार हे तू काय करशील यावर अवलंबून, आणि तू काय करणार हे मी काय करेन यावर. मग बाजाराचा अंदाज बांधायचा तरी कसा?

न्यूमनकडे उत्तराची सुरुवात तयारच होती. दोघांनी मिळून लिहिलेलं थिअरी ऑफ गेम्स अँड इकॉनॉमिक बिहेवियर हे 600 पेक्षा जास्त पानांचं पुस्तक 1944 मध्ये आलं. गेम थिअरी ही स्वतंत्र विद्याशाखा म्हणून इथून धरली जाते.

पुढे जॉन नॅश नावाचा तरुण विद्यार्थी त्यांच्याकडे आपली कल्पना घेऊन गेला. खेळाडू कितीही असोत, एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचा तोटा असंही नसो, तरी समतोल सापडतो असं तो सांगत होता. न्यूमन यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. त्याच कामासाठी नॅशला 1994 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे एवढ्या हुशार माणसाचाही अंदाज चुकायचा.

रेल्वे स्टेशनवरची भेट आणि 18 हजार ट्यूब

पुस्तक छापलं जात होतं तेव्हा न्यूमन युद्धाच्या कामात बुडालेले होते. लॉस अलामॉसच्या अणुबॉम्ब प्रकल्पात प्लुटोनियमचा गोळा चहूबाजूंनी सारख्या दाबाने आत कसा दाबायचा, हे गणित त्यांच्याकडे होतं. आकडेमोड प्रचंड होती आणि माणसांच्या हातून ती वेळेत होणं शक्य नव्हतं.

1944 च्या उन्हाळ्यात मेरीलँडमधल्या अॅबरडीन स्टेशनवर ते गाडीची वाट बघत उभे होते. हर्मन गोल्डस्टाइन नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने त्यांना ओळखलं आणि धाडस करून गप्पा सुरू केल्या. बोलता बोलता त्याने फिलाडेल्फियात सेकंदाला काही शे गुणाकार करणारी मशीन बनतीये असं सांगितलं. हलक्याफुलक्या गप्पांची जागा लगेच उलटतपासणीने घेतली.

ती मशीन म्हणजे एनियॅक. वजन सुमारे 30 टन आणि आत जवळपास 18 हजार व्हॅक्यूम ट्यूब.

इथेच खरी गोम होती. ट्यूब म्हणजे बल्बची बहीण. तापते आणि कधीतरी उडते. एक ट्यूब वर्षानुवर्षं चालेल असं मानलं तरी 18 हजार एकत्र लावल्यावर त्यातली कुठली ना कुठली सतत उडणारच. आणि एक उडाली की सगळं उत्तर चुकलं. सुरुवातीला हा त्रास जवळपास रोजचा होता. चालू-बंद करतानाच ट्यूब जास्त उडतात हे लक्षात आल्यावर मशीन बंदच करायची नाही असं ठरलं, आणि हे प्रमाण साधारण दोन दिवसांत एकावर आलं.

एनियॅकच्या पुढच्या मशीनसाठी न्यूमन यांनी जून 1945 मध्ये एक अहवाल लिहिला. सूचना आणि माहिती एकाच मेमरीत ठेवायची, ही रचना त्यात होती. आजचे बहुतेक कॉम्प्युटर याच रचनेवर चालतात. पण अहवालावर नाव एकट्या न्यूमन यांचं होतं. एनियॅक बनवणारे एकर्ट आणि मॉचली यांनी त्यातल्या बऱ्याच कल्पना आमच्याही होत्या असं शेवटपर्यंत मांडलं. गोल्डस्टाइनने तो कच्चा अहवाल तसाच वाटून टाकला होता. श्रेयाचं हे भांडण आजही पूर्ण मिटलेलं नाही.

युद्धानंतर न्यूमन यांनी प्रिन्स्टनच्या संस्थेत स्वतःची मशीन बांधायला घेतली. गणिताच्या त्या सोवळ्या संस्थेत सोल्डरिंगचा वास पसरलेला काही प्राध्यापकांना रुचला नाही. पण मशीन झाली. मेमरी फक्त 5 किलोबाइट, तीही टीव्हीच्या पिक्चर ट्यूबसारख्या 40 ट्यूबच्या पडद्यांवर ठिपक्यांच्या रूपात. जरा गडबड झाली की ठिपके पुसले जायचे.

याच काळात, 1949 मध्ये, गोव्यात जन्मलेले गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी प्रिन्स्टनच्या या संस्थेत राहून आले होते. ते तेव्हा मुंबईच्या टीआयएफआरमध्ये होते. त्याच टीआयएफआरमध्ये पुढे 1960 मध्ये टिफ्रॅक हा व्हॅक्यूम ट्यूबवाला कॉम्प्युटर सुरू झाला.

तीन कारकून आणि एक मुकादम

जानेवारी 1952. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये न्यूमन यांनी पाच व्याख्यानं दिली. विषय होता, भरवसा नसलेल्या भागांपासून भरवशाची यंत्रणा कशी उभी करायची.

तोपर्यंत सगळ्यांचा भर एकाच गोष्टीवर होता. भाग चांगला बनवा. ट्यूब मजबूत करा, वायरी नीट जोडा. न्यूमन यांनी प्रश्नच फिरवला. भाग चुकणार हे धरूनच चाला आणि मांडणी अशी करा की चूक पुढे जाणार नाही.

समजा एक कारकून 100 पैकी 1 बेरीज चुकवतो. तीच बेरीज तीन कारकुनांना वेगवेगळी करायला दिली आणि दोघांचं जे उत्तर जुळेल ते धरलं. आता चूक होण्यासाठी एकाच वेळी किमान दोघं चुकायला हवेत. ती शक्यता 10 हजारांत साधारण 3 एवढीच उरते. कारकून तेच, पगारही तेच, पण चुका 30 पटींहून जास्त कमी झाल्या.

पण मेख पुढे आहे. ही मतं मोजणार कोण? मुकादम. आणि मुकादमही माणूसच, तोही चुकणार. मग तीन मुकादम ठेवायचे का? आणि त्यांच्यावर कोण?

न्यूमन यांनी ही साखळी सोडवून दाखवली. एका तारेऐवजी तारांचा मोठा जुडगा घ्यायचा. जुडग्यातल्या बहुतेक तारा हो म्हणत असतील तर उत्तर हो. प्रत्येक टप्प्यावर तारा आपापसांत मिसळून पुन्हा तीन-तीनचं मतदान घ्यायचं, म्हणजे साचलेल्या चुका पुन्हा पुसल्या जातात. मतदान घेणारे भागही बिघडणारेच आहेत, हे हिशेबात धरलेलं.

त्यांनी एक मर्यादाही दाखवली. तीनच्या मतदानाच्या या रचनेत प्रत्येक भागाच्या चुकीची शक्यता सहात एकपेक्षा कमी हवी. त्यापुढे कितीही मशीन लावा, उत्तर धुळीस मिळतं. आणि हा उपाय महाग होता. चांगला भरवसा हवा तर जुडग्यात हजारो तारा लागत होत्या.

यात त्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे चुकतो. एकाची चूक आणि दुसऱ्याची चूक यांचा आपसात संबंध नाही. भाग नशिबाने चुकतात, ठरवून नाही.

गेम थिअरीतला समोर बसलेला कपटी खेळाडू या व्याख्यानांत नव्हता.

प्रत्येक जण शत्रू असेल तर?

तो कपटी खेळाडू न्यूमन यांच्या दुसऱ्या आयुष्यात मात्र कायम होता. 1945 मध्ये जपानमधली कोणती शहरं लक्ष्य करायची याचा विचार करणाऱ्या समितीत ते होते. नंतर हायड्रोजन बॉम्ब, क्षेपणास्त्रं, लष्कराच्या एकामागून एक समित्या. सोव्हिएत रशियाबद्दल त्यांचं मत टोकाचं होतं. युद्ध होणारच असेल तर अमेरिकेने आधीच घाव घालावा, याकडे त्यांचा कल होता.

ज्याने लहानपणीच दोन्ही बाजूंची राजवट पाहिली, ज्याच्या नात्यागोत्यातल्या जगावर आधी नाझी आणि मग सोव्हिएत रणगाडे फिरले, त्याला समोरचा कायम वाईटातलं वाईटच करेल असं वाटणं समजू शकतं. पण एकाचा फायदा तेवढाच दुसऱ्याचा तोटा, हे गणित अणुयुद्धाला लागू होत नव्हतं. तिथे दोघंही संपतात. आधी घाव घालण्याचा सल्ला अमेरिकेने मानला नाही आणि ते युद्ध झालं नाही.

प्रत्येक खेळ शत्रुत्वाचा धरला की हिशेब सुरक्षित वाटतो, पण त्याची किंमत भयंकर असू शकते. कॉम्प्युटरच्या बाबतीतही पुढे हाच प्रश्न येणार होता.

सात आणि चार किती?

1955 मध्ये न्यूमन अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे सदस्य झाले. त्याच उन्हाळ्यात खांद्याचं दुखणं सुरू झालं. तपासण्या झाल्या. कॅन्सर होता आणि तो पसरला होता.

काही महिन्यांत व्हीलचेअर आली. त्यावर बसूनही ते बैठकांना जात राहिले. 1956 मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या हस्ते मेडल ऑफ फ्रीडम घेतानाही ते व्हीलचेअरवरच होते.

त्या वर्षी येल विद्यापीठात त्यांची व्याख्यानं ठरली होती. विषय होता, कॉम्प्युटर आणि मेंदू. मेंदूतल्या पेशी ट्यूबपेक्षा कितीतरी हळू चालतात, काटेकोरही नसतात. तरीही माणूस 70-80 वर्षं विचार करत राहतो. एवढ्या ढिल्या भागांतून एवढी भरवशाची गोष्ट कशी उभी राहते? कॅलटेकचाच प्रश्न, पण आता थेट डोक्याच्या आत.

ती व्याख्यानं त्यांना देता आली नाहीत. हॉस्पिटलमध्ये कागद सोबत होते, पण लिखाण अर्धंच राहिलं. ते अपुरं पुस्तक 1958 मध्ये क्लाराच्या प्रस्तावनेसह निघालं.

वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड या लष्करी हॉस्पिटलमध्ये त्यांच्या खोलीवर पहारा होता. दुखण्याच्या भ्रमात लष्करी गुपितं बाहेर पडू नयेत म्हणून. आयुष्यभर धर्माकडे फारसं न फिरकलेल्या माणसाने शेवटी कॅथलिक पाद्र्याला बोलावून घेतलं. त्यानेही मनाची भीती गेली नाही असं जवळचे सांगत.

सगळ्यात कठीण होतं ते मुलीला. मरिना भेटायला आली की ते तिला साध्या बेरजा विचारायला सांगत. सात आणि चार किती, अशा. आपलं डोकं अजून चालतंय का हे त्यांना तपासायचं होतं. ज्याच्या तोंडी हिशेबाच्या वेगाची चर्चा अख्ख्या लॉस अलामॉसमध्ये व्हायची, तो माणूस पहिलीच्या बेरजांपाशी अडखळू लागला होता. मरिनाला ते बघवत नसे.

8 फेब्रुवारी 1957 ला ते गेले. वय फक्त 53.

दोन गणितं एकत्र आली

न्यूमन गेल्यावर कॉम्प्युटर एका खोलीत राहिले नाहीत. ते वेगवेगळ्या शहरांत विखुरले आणि तारांनी जोडले गेले. आता एक सेवा म्हणजे शेकडो मशीनचं एकत्र काम.

तीनच्या मतदानाची कल्पना अवकाशातही गेली. अमेरिकेच्या स्पेस शटलमध्ये 5 कॉम्प्युटर होते. चार जण एकच सॉफ्टवेअर चालवून एकमेकांची उत्तरं ताडून पाहायचे. पाचव्यात मात्र मुद्दाम वेगळं सॉफ्टवेअर. कारण सॉफ्टवेअरमध्येच चूक असेल तर चौघंही एकमताने चुकतील! चुका स्वतंत्र असतात हे न्यूमन यांचं गृहीतक कुठे मोडतं, ते इथे दिसतं.

1982 मध्ये लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीझ या तिघांनी पुढचा प्रश्न मांडला. एखादी मशीन नुसती चुकली नाही, तर खोटं बोलली तर? एकाला हो सांगितलं आणि दुसऱ्याला नाही? वेढा घातलेल्या सेनापतींमध्ये एखादा फितूर असावा तसं. त्यांचं उत्तर असं की निरोपांवर बनावट न करता येणारी सही नसेल, तर एका फितुराला तोंड द्यायला तीन मशीन पुरत नाहीत, चार लागतात. दोन फितूर असतील तर सात. कपटी गृहीत धरला की खर्च वाढतो, तो असा.

आणि मग गेम थिअरी थेट भरवसा मोजायलाच वापरली जाऊ लागली. 2000 मध्ये मायकेल बेल या संशोधकाने वाहतुकीच्या जाळ्यासाठी असा खेळ मांडला. एक खेळाडू कमी खर्चाचा मार्ग शोधतो. दुसरा एक काल्पनिक राक्षस, जो नेमका सगळ्यात जास्त त्रास होईल तो रस्ता बंद पाडतो. या खेळाचं जे उत्तर येईल, तो त्या जाळ्याचा वाईटातल्या वाईट दिवसाचा भरवसा. रस्त्यांच्या जागी केबल आणि चौकांच्या जागी सर्व्हर ठेवले की हीच रीत कॉम्प्युटरला लागू होते.

समजा एका सेवेची दोन केंद्रं आहेत. पहिल्यावर 60 हजार ग्राहक, दुसऱ्यावर 30 हजार. खास संरक्षण एका वेळी एकाच केंद्राला देता येतं आणि हल्लेखोरही एका वेळी एकाच केंद्रावर येतो. साधा विचार सांगतो, मोठं केंद्र सांभाळा. पण हे हल्लेखोराला कळलं की तो रोज दुसऱ्यावर येणार आणि रोज 30 हजार ग्राहक अडकणार.

आता न्यूमनचा 1926 चा डाव खेळू. तीनपैकी साधारण दोन दिवस पहिलं केंद्र, एक दिवस दुसरं, आणि कोणता दिवस कोणाचा हे चिठ्ठी टाकून. हल्लेखोर पहिल्यावर आला तर तीनात एकदाच फावतं, म्हणजे सरासरी 20 हजार अडकतात. दुसऱ्यावर आला तर तीनात दोनदा फावतं, पण 30 हजारांचे दोन तृतीयांश म्हणजे पुन्हा 20 हजारच. त्याने काहीही केलं तरी सरासरी नुकसान 20 हजारांच्या वर जात नाही.

मुठीत लपवलेल्या नाण्याचाच हा खेळ.

मात्र हा 20 हजारांचा आकडा कपटी माणसासाठी आहे. केबल कुरतडणाऱ्या उंदराला कोणतं केंद्र कधी सांभाळलंय याच्याशी काही देणंघेणं नसतं. तिथे कॅलटेकचं गणित चालतं, तीन कारकुनांचं. उंदराला शत्रू समजून चौपट खर्च करणं हा तोटा, आणि शत्रूला उंदीर समजून निवांत राहणं हा त्याहून मोठा तोटा. म्हणून सेवा चालवणाऱ्यांना आधी समोर कोण आहे ते ठरवावं लागतं, मशीन किती लावायच्या ते त्यानंतर.

दोन्ही गणितं न्यूमन यांच्या कागदांत होती, 26 वर्षांच्या अंतराने. ती एकत्र मांडायला त्यांना वेळ मिळाला नाही. पुढच्या वेळी 10 वाजता ते चाक फिरत राहिलं आणि मग अचानक तिकीट हाती आलं, तर समजायचं की कुठेतरी एखादी मशीन पडली होती आणि तिच्या शेजारच्या दोघींनी तिचं काम उचललं.